श्रावण मिस्त्रीची हवेची गाडी

श्रावण मिस्त्रीनं माझ्या घरून दह्याचं गाडगं सात वेळा नेलं आणि त्यातून एकदाच ते धड परत आणलं. बाकी सहा वेळा गाडग्यात मोडलेलं दही आणि वर तरंगणारं पिवळट पाणी. माझी आई तेव्हा माझ्याजवळ राहायची. ती मला विचारायची, "हा मानूस आपलं दही घेऊन जाते तरी कुठं?" मी खरं तेच सांगायची, की मेहकरला नेतो, गाडीत बाजेवर ठेवतो आणि परत आणतो. आई कपाळाला हात लावायची आणि मोडलेल्या दह्याची कढी करायची. त्या महिन्यात आम्ही इतकी कढी खाल्ली की पुढं कित्येक वर्षं मला कढीचा वाससुद्धा नको वाटायचा.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. मी डोणगावच्या दवाखान्यात नर्स होते. माझं गाव पिंपळगाव राजा, म्हणजे खामगावकडचं. डोणगावात मला ओळखीचं कोणी नव्हतं. दवाखान्यात डॉक्टर एक, कंपाउंडर एक, मी एक आणि गाडी एक. बाळंतपणं सगळी माझ्या अंगावर. त्या गाडीमुळंच मिस्त्रीशी माझा संबंध आला, नाहीतर नर्सबाईला मोटारीच्या मिस्त्रीशी काय करायचं?

गाडी मूळची गावच्या देशमुखांची. लांबलचक काळी मोटार, इंग्रजांच्या अमदानीत घेतलेली. देशमुख थकले, मुलं अकोल्याला जाऊन राहिली, तेव्हा त्यांनी ती दवाखान्याला देऊन टाकली. पण असल्या मोटारीत पेशंट निजवणार कसा? मग श्रावण मिस्त्रीनं करवत घेतली आणि मोटारीचं मागचं टप कापून काढलं. आतली बाकं उपटली, पत्रा ठोकून मागं एक लांब खोलीच केली, तिला मागून दार बसवलं. आत एक बाज आणि बाजूला दोन माणसं उकिडवी बसतील एवढी जागा. कापाकापी चालू असताना देशमुख खुर्ची टाकून बघायला बसले होते. पहिला पत्रा खाली पडला तसे ते उठून घरात गेले. मिस्त्री सांगायचा, "बुढ्याच्या डोयात पानी आलं होतं. म्या करवत थांबवली. तं आतून ओरडले, थांबू नको बे, नाई तं माह्यं मन फिरीन!"

मिस्त्री पन्नाशीला आलेला, उंच आणि हाडकुळा. मोठ्या लढाईच्या वेळी तो फौजेत मोटारी दुरुस्त करायला होता. तिथून येताना त्यानं एक खाकी पिशवीभर औजारं आणली होती. घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारच्या खुंटीला ही पिशवी. दुकान एसटीच्या थांब्यापलीकडं, बाभळीखाली, चार बल्ल्यांवर टिनं टाकलेलं. लोकांना तो तोंडापेक्षा पायांवरून जास्त ओळखू यायचा, कारण दिवसभर कुठल्या ना कुठल्या गाडीखालून त्याची दोन पावलंच बाहेर आलेली असायची. बोलणंही सगळं खालूनच. आपण दवाखान्याचा निरोप घेऊन जावं, डॉक्टरांचं नाव सांगावं, तर खालून आवाज यायचा, "बाई, जरा बाजूले व्हा. उजेड अडून राह्यला."

मोडलं किंवा तुटलं असं तो लोखंडाला कधी म्हणत नसे. थकलं म्हणायचा. एकदा आमची गाडी बाजाराच्या दिवशी भर चौकात बसली. डॉक्टर आधीच वैतागलेले. त्यांनी विचारलं, "मिस्त्री, दांडा तुटला आहे की नाही, एवढं सांगा." मिस्त्री खालून म्हणाला, "दोन तुकडे झाले साहेब. भल्ला थकला होता." डॉक्टरांना हसावं की रडावं कळेना.

आणि गाडी दुरुस्त झाली की ती तपासायला तो पुढं बसत नसे. किसन आमचा ड्रायव्हर, त्याला चालवायला सांगायचा आणि स्वतः मागं जाऊन बसायचा. "समोर बसनाऱ्याले गाडीची काय खबर? धक्का बसते मांगं," म्हणायचा. किसनला याचा राग यायचा, कारण चालवणं चुकलं की मिस्त्री मागून पत्र्यावर थाप मारायचा. किसन म्हणायचा, "बाई, ह्या बुढ्याले मांगं बसवलं का मले सासरा बसल्यावानी वाटते."

आता जी गोष्ट सांगायला मला आजही जड जातं, ती सांगते.

एका वस्तीवरून आठव्या महिन्यातली बाई बैलगाडीनं आली. वार खाली सरकलेली, रक्त जात होतं. अशा बाईला हिसका म्हणजे घात. ऑपरेशनची सोय तालुक्याला, मेहकरला, दहा मैल. रस्ता म्हणजे उखडलेली खडी आणि बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या. किसननं जीव मुठीत धरून गाडी चालवली. पण देशमुखांच्या मोटारीखालच्या त्या लोखंडी पट्ट्या, ज्यांना मिस्त्रीलोक पाटे म्हणतात, त्या पाच-सहा माणसं आणि त्यांचं सामान पेलण्यासाठी केलेल्या. बाजेवरच्या एका बाईच्या वजनानं त्या वाकतसुद्धा नव्हत्या. प्रत्येक दगड सरळ तिच्या पोटात जात होता. मी तिचे पाय वर धरून बसले होते. वाटेतच ती गेली, आणि पोटातलं लेकरूही गेलं.

परत आलो तेव्हा मिस्त्री दवाखान्याशी उभा होता. गाडी धुवायला त्यानं किसनला हात लावू दिला नाही. स्वतः विहिरीवरून पाणी आणून आतली फळी न् फळी धुतली. मग माझ्याजवळ आला आणि एवढंच विचारलं, "बाई, रोगानं गेली का हादऱ्यानं?"

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. आणि त्या दिवशी मी बसले होते ती माझ्या लुगड्यावरचे डाग बघत. मी म्हटलं, "हादऱ्यानं. तुमच्या गाडीनं मारलं तिला, मिस्त्री."

त्यानं हातातली बादली हळूच खाली ठेवली आणि गेला. मला शब्द मागं घेता आले असते. दुसऱ्या दिवशी तो तिथंच होता, तिसऱ्या दिवशीही होता. मी घेतले नाहीत. मला त्याची लाज वाटते.

आठवडाभर त्याचं दुकान बंद होतं. मग एका सकाळी तो दवाखान्यात आला, ओसरीत उभ्या असलेल्या कंपाउंडरच्या सायकलपाशी बसला आणि चाक दाबू लागला. मला हाक मारली. "बाई, सायकलीच्या चाकात हवा हाये म्हनून आपलं बूड शाबूत हाये ना?"

"बरं मग?"

"मंग हवा चाकातच काऊन? पेशंटच्या खाली काऊन नाई?"

मला वाटलं, याचं डोकं फिरलं. पण त्यानं ते करायला घेतलं. विहिरीवरच्या मोटा तेव्हा हळूहळू जाऊन इंजिनं येत होती. अशा एका पडीक मोटेचं चामडं त्यानं आणलं आणि चांभाराकडून त्याच्या दोन जाड थैल्या शिवून घेतल्या. प्रत्येक थैलीत मोटारसायकलच्या चाकाची ट्यूब, दुहेरी घडी घालून. गाडीखालच्या पाट्यांमधल्या अर्ध्या पट्ट्या काढून टाकल्या, म्हणजे लोखंड नरम झालं, आणि त्याच्या जोडीला डाव्या-उजव्या चाकांवर या दोन थैल्या बसवल्या. थैल्यांत हवा भरायची नळी मागच्या दाराशी काढून ठेवली, सायकलच्या उभ्या पंपानं भरता येईल अशी. गाडीचं मागचं सगळं वजन आता हवेवर.

पहिल्या दिवशी हवा इतकी भरली की गाडी वासरासारखी उड्या मारत गेली आणि किसनचं डोकं टपाला लागलं. मग मिस्त्रीला वाटलं, दोन्हीकडं हवा सारखी राहायला हवी, म्हणून त्यानं दोन्ही थैल्या एकाच नळीनं जोडल्या. झालं उलटंच. नदीच्या वळणावर गाडी कलली तशी दाबलेल्या थैलीतली सगळी हवा दुसरीकडं पळाली आणि गाडी आणखीच कलली. किसन दार उघडून बाहेर उडी मारायच्या बेतात होता. मिस्त्री मागून ओरडला, "बसून राह्य बे! हवा फितूर झाली, मी नाई झालो!" दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही थैल्यांच्या नळ्या वेगळ्या केल्या.

दह्याची कल्पना त्याचीच. हादरा किती बसतो हे मोजायचं कशानं? तो म्हणाला, माणसाला विचारलं तर माणूस भिडेनं बरं म्हणतो, दही भीड धरत नाही. कवड्या दह्याचं गाडगं बाजेच्या मधोमध ठेवायचं, मेहकरपर्यंत जायचं, परत यायचं. दही मोडलं तर बाई मोडली. हवा थोडी कमी, थोडी जास्त, असं करत सहा गाडगी फुकट गेली. सातवं गाडगं घेऊन तो सरळ दवाखान्यात आला. समोर दहा-बारा पेशंट बसलेले. मला म्हणाला, "बोट घालून पाहा." मी बोट घातलं. दही वडीसारखं उभं होतं, पाण्याचा टिपूस नाही. सगळे माझ्याकडं बघत होते. मी "छान झालं" म्हटलं आणि इंजेक्शन द्यायला वळले. याच्याहून जास्त काही बोलायला पाहिजे होतं, ते मला कळत होतं.

गावात बातमी पसरली. लोक मुद्दाम वाकून गाडीखाली बघून जायचे. गाडीचा जीव त्या थैल्यांत आहे, अशी बोलवा झाली. गोदामाय आली ती असंच काहीतरी ऐकून.

गोदामाय म्हणजे वेशीजवळच्या चांगल्या शेतीवाडीच्या घरातली बुढी. तिची एकुलती लेक बाळंतपणात गेलेली, बैलगाडीतच. आता तिची सून शांता आठव्या महिन्यात होती आणि तिलाही एकदा रक्त गेलं होतं. डॉक्टरांनी तपासलं, तेच, वार खाली. मेहकरला न्यायलाच हवं. गोदामाय माझा हात धरून म्हणाली, "बाई, मले पोट्टं नसलं तरी चालीन. पन ह्या पोरीले वापस आना. हे माह्यी सून नाई, लेकच हाये."

मी मिस्त्रीकडं गेले. तो गाडीखालीच होता. मी म्हटलं, "उद्या सकाळी न्यायची आहे. तुमचा भरोसा आहे ना?" खालून आवाज आला, "मी येतो संगं."

सकाळी नऊच्या सुमारास निघालो. शांताचा नवरा सायकलनं आधीच पुढं गेला होता, मेहकरच्या डॉक्टरांना वर्दी द्यायला. आम्ही शांताला बाजेसकट उचलून आत ठेवत होतो तेव्हा गोदामाय गाडीच्या मागच्या चाकाशी वाकलेली मला दिसली. मला वाटलं, चाकाच्या पाया पडते आहे. मी लक्ष दिलं नाही. मग ती आत येऊन शांताच्या डोक्याशी बसली, मी पायाशी, आणि मिस्त्री अगदी मागं, दारात पाय बाहेर सोडून.

पहिले तीन मैल मी आयुष्यात विसरणार नाही. तोच रस्ता, तीच खडी, आणि बाज जागची हलत नव्हती. शांताला डुलकी लागली. गोदामायनं हात जोडले.

तिसऱ्या मैलाच्या पुढं गाडी डावीकडं बसू लागली. मिस्त्रीनं पत्र्यावर थाप मारली, किसननं गाडी थांबवली. मिस्त्री खाली उतरून वाकला, बराच वेळ हात घालून चाचपडत राहिला, मग काहीतरी उपसून खिशात टाकलं. डोक्याचा रुमाल फाडून त्याचा बोळा थैलीच्या शिवणीत कोंबला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "हवा जाऊन राह्यली. थैली काढाची तं जॅक लावा लागीन, गाडी हालन. टाइमही जाईन." मी शांताची चादर उचलून बघितली. रक्त लागलं होतं. थोडंच, पण ताजं.

मी म्हटलं, "मिस्त्री, हालवता येणार नाही आणि थांबताही येणार नाही."

"मंग चालत राहू," तो म्हणाला. त्यानं पंप काढला, नळीला लावला, दोन्ही पायांत धरला आणि मागच्या फळीवर बसल्या बसल्या हवा भरायला लागला. किसनला ओरडून सांगितलं, "मान्सं चालतात तशी चालव. मी थांब म्हनीन तवाच थांबजो."

सात मैल. दोन तासांच्या वर. एक हात खाली, एक हात वर असं नाही, तो दोन्ही हातांनी, सगळं अंग वाकवून पंप दाबत होता. थांबला की गाडी डावीकडं कलायची, म्हणून तो थांबतच नव्हता. ऊन चढलं. त्याचा सदरा पाठीला चिकटला. मी शांताची नाडी धरून बसले होते आणि मला तिची नाडी आणि त्याच्या पंपाचा आवाज यांत फरक कळेनासा झाला होता. शेवटच्या दोन मैलांत त्याच्या हातांतलं बळ सरलं. मूठ निसटायला लागली. दांड्याला रक्त लागलं होतं, त्याच्या हातावरच्या फुटलेल्या फोडांचं.

तेव्हा गोदामाय सरकत सरकत मागं आली. एरवी मिस्त्रीला चहा द्यायचा तर या बाईच्या घरी कान तुटका कप वेगळा ठेवलेला असायचा, हे मी स्वतः पाहिलेलं. ती त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या मुठींवर आपल्या मुठी ठेवल्या. "दाब रे लेका," म्हणाली. दोघं मिळून दाबत राहिले, मेहकर येईपर्यंत.

ऑपरेशन झालं. मुलगी झाली, लहानशी, पण रडकी आणि खणखणीत. शांता वाचली.

तिथल्या दवाखान्याच्या ओसरीत मिस्त्री भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्या हातांना पट्ट्या बांधत होते. मी म्हटलं, "मिस्त्री, त्या दिवशी मी बोलले ते..." तो म्हणाला, "खरं बोलल्या होत्या, बाई. तुमी खोटं बोलल्या असत्या तं मी निजलो असतो." मग इकडंतिकडं बघून त्यानं कोपरानं खिसा दाखवला. "आत हात घाला. पन कोनाले सांगू नका."

खिशात दाभण होतं. पोती शिवायची जाड सुई. त्यात काळा दोरा, दोऱ्यात बिब्बा, लिंबू आणि मिरच्या ओवलेल्या. मला एकदम सकाळची वाकलेली गोदामाय आठवली. गाडीचा जीव थैलीत, म्हणजे नजर लागणार ती थैलीलाच. बुढीनं थैलीच्या शिवणीतून दोरा ओवून बिब्बा-लिंबू बांधलं, आणि नजरेला लोखंड पाहिजे म्हणून दाभण तसंच आत राहू दिलं. प्रत्येक धक्क्याबरोबर ते आत सरकत गेलं, ट्यूबपर्यंत.

"अवं माय!" मी म्हटलं. "आणि तुम्ही तिला काही बोलला नाहीत?"

"कवा बोलू? पंप दाबू का बोलू?" तो म्हणाला आणि डोळे मिटून बसला.

इथवर सगळं चांगलं झालं. पण मेहकरात गाडीचा बोलबाला झाला आणि तो वरपर्यंत गेला. महिन्याभरानं गाड्या तपासणारे एक साहेब डोणगावला आले. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगायलाच हवं. स्वतः गाडीखाली वाकून बघितलं, कपडे मळतील याची पर्वा केली नाही. खुर्चीवर बसले आणि मिस्त्रीला म्हणाले, "डोकं तुमचं चांगलं चाललं आहे. पण ही आता सरकारी गाडी. मागच्या महिन्यात वाटेत हवा गेली, असं मी ऐकलं. का गेली ते मला नीट सांगा. बाहेरून काही टोचलं असेल, तर तो अपघात. मी तसा शेरा लिहितो, गाडी आहे तशी चालू राहील. पण थैली आपणहून उसवली असेल, तर मला ही परवानगी देता येणार नाही. उद्या गाडी उलटली तर?"

ओसरीत गर्दी होती. अगदी पुढं गोदामाय बसलेली, मांडीवर नात. साहेब येणार कळल्यावर ती मुद्दाम आली होती. साहेबांना म्हणाली, "ह्या मानसानं माह्यी शांता वापस आनली. ह्या गाडीले काही करू नका, सायेब."

मिस्त्रीनं तिच्याकडं बघितलं. मग म्हणाला, "शिवन कच्ची होती, सायेब. आपोआप उसवली. माह्यीच चूक."

माझ्या तोंडात शब्द आले होते. ते दाभण त्या दिवसापासून माझ्या घरी फडताळात होतं, दोन मिनिटांत आणून टेबलावर ठेवलं असतं. मिस्त्रीनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसले. साहेबांनी लिहिलं: थैल्या काढाव्यात, पाटे पूर्ववत बसवावेत. मिस्त्रीनं सही केली. हाताच्या पट्ट्या निघाल्या होत्या, पण बोटं अजून नीट वळत नव्हती.

सगळे गेल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. "तुम्हाला काय वेड लागलं? पुढच्या बाईला आता कोण वाचवणार? एका शब्दानं गाडी राहिली असती!"

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "तिची लेक गाडीतच गेली ना बाई. सुनेसाठी तिनं जिवाच्या आकांतानं ते बांधलं. आता मी चारचौघांत सांगू, का तूच आपल्या सुनेले मारत होती? जगन का ते बुढी?"

"आणि पुढच्या बायका?"

तो उठला आणि गाडीकडं गेला. त्यानं दोन दिवसांत थैल्या काढल्या, जुने पाटे घट्ट बसवले, पहिल्यासारखे. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. रस्त्यात दिसला तर मी दुसऱ्या बाजूनं जायची. त्याचं बरोबर होतं की माझं, याचा निवाडा मला तेव्हाही करता आला नाही आणि आजही येत नाही. गोदामाय पुढं कितीतरी वर्षं जगली, नातीचं लग्न बघून गेली, आणि तिला कधीच काही कळलं नाही. ती गेली म्हणून तर आज मी हे लिहिते आहे.

वर्षभरानं माझी बदली धाड नावाच्या गावी झाली. रविवारी सकाळची एसटी धरली. ट्रंक वर टाकली, आईला खिडकीशी बसवलं. मिस्त्रीचा निरोप घ्यावा असं मनात आलं होतं, पण दुकान बंद दिसलं. किसन म्हणाला, हल्ली रविवारी तो नसतोच, कुठं जातो कोणाला सांगत नाही. मला जरा वाईट वाटलं, आणि जरा सुटल्यासारखंही झालं.

मेहकरच्या रस्त्यावर चार-पाच मैल गेल्यावर एसटी हळू झाली. रस्त्यात माणूस उभा होता. बाजूला मुरमाचा ढीग, फावडं, घमेलं, पाण्याचा डबा. श्रावण मिस्त्रीच. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून सांगितलं, "दर आइतवारी असते ह्यो. रस्ता भरते. कोनाचा हुकूम ना काही." आणि ओरडला, "सरक रे मिस्त्री, जाऊ दे!"

मिस्त्री सरकला. तेवढ्यात त्याला मी दिसले. वर्षभरात एकमेकांशी शब्द नव्हता. तो खिडकीजवळ आला, हात मुरमानं लाल झालेले, आणि त्यानं मी कुठं चालले, कायमची का, काहीच विचारलं नाही.

"बाई," तो म्हणाला, "मांगच्या नाल्यावर बसला का हादरा?"

वाटेत नाला लागल्याचं मला कळलंही नव्हतं. मी म्हटलं, "कोणत्या नाल्यावर?"

त्यानं मान हलवली. एसटी निघाली. मी खिडकीतून वळून बघत होते, पण त्यानं हात वगैरे काही केला नाही. घमेल्यातला मुरूम पुढच्या खड्ड्यात ओतला आणि त्यावर उभा राहून पायांनी दाबू लागला.